गडावर कुणी कसं जावं?

शंकेखोर : सप्तशृंग गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली २०१८ साली, आणि तेव्हापासून गडावर जाण्यात मला काही राम वाटेनासा झालाय. देव आहे की नाही या वादात मी पडत नाही. त्यात आपण दोघांनी तरुणपणी पुष्कळ घसा कोरडा केला. माझं म्हणणं डोंगराविषयी आहे. आपले लोकदेव डोंगर धरून बसले. जेजुरीचा खंडोबा, जोतिबा, मांढरदेवची काळूबाई, कार्ल्याची एकवीरा, इथे देवळालीला खंडोबाची टेकडी. गावात जागा मिळाली नाही म्हणून काही ते वर गेले नाहीत. त्यांच्याकडे जायचं तर घर सोडावं लागे, चढावं लागे, दम लागे. चढावर माणसाची मिजास उतरते. पाटील असो की सालदार, शंभराव्या पायरीला दोघांचा ऊर सारखाच धपापतो. देवीपुढे उभं राहण्याआधी जी काही तयारी व्हायची ती पायांनी व्हायची. आता ट्रॉलीचं तिकीट काढा, काही मिनिटांत वर पोचा, मग कठड्यांतली रांग, दोन क्षण मूर्ती, मागून “चला, पुढे चला”, आणि परत खाली. यात डोंगर कुठे राहिला? एवढंच दर्शन हवं असेल तर ते मोबाइलवरही होतं, तेही घरी बसून.

गडप्रेमी : ज्याचे गुडघे शाबूत असतात त्याला चढाचं तत्त्वज्ञान लवकर सुचतं. माझ्या सासूबाई कित्येक वर्षं पहिल्या पायरीलाच ओटी भरून थांबायच्या. आम्ही वर जाऊन यायचो, त्या खाली चपला राखत बसायच्या आणि उतरल्यावर विचारायच्या, आज साडी कोणत्या रंगाची होती? देवीला अकरा वार साडी लागते, चोळीला तीन खण लागतात, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सांगितलं होतं. पण अंगावर ती साडी कशी दिसते हे त्यांच्या नजरेतून पुसट झालेलं. ट्रॉली आली आणि त्या वर गेल्या. त्यांना देवी तुमच्यापेक्षा कमी दिसली, असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

आणि पायऱ्यांना तुम्ही जो मान देताय तो तरी कधीपासूनचा? देवळाकडे चढणारा पायऱ्यांचा मार्ग उमाबाई दाभाड्यांनी अठराव्या शतकात बांधवला. त्याआधी लोक खडकाला हात घालून चढत असतील. त्या काळच्या एखाद्या शंकेखोराने नक्की म्हटलं असेल, की सेनापतीच्या घरच्या बाईने देवीचा डोंगर सोपा करून टाकला, आता ऐरेगैरेही वर येणार. मग नांदुरीहून घाटरस्ता झाला, एसटी वर यायला लागली, तेव्हाही कुणी नाक मुरडलं असणार. तुम्ही स्वतः कधी नांदुरीपासून पायी आलात? एसटीने गडावर उतरलात, तिथून साडेचारपाचशे पायऱ्या चढलात आणि त्यालाच डोंगर म्हणालात. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या सोयीला परंपरा म्हणते आणि स्वतःच्या काळातल्या सोयीला भ्रष्टाचार.

शंकेखोर : हा टोला मी घेतला. नांदुरीपासून मी चाललेलो नाही. पण पायरी आणि ट्रॉली यांना तुम्ही एका माळेत ओवताय, ते मान्य नाही. पायरी माणसाला वर जाऊ देते, पण त्याच्या चालीनेच. एका वेळी किती माणसं वर पोचतील हे पायरीवर माणसाच्या फुप्फुसावर ठरतं. ट्रॉली आणि रुंद रस्ता हे त्या हिशोबातून माणसाला मोकळं करतात. खालून येणाऱ्यांचा ओघ वाढवता येतो, वरची जागा वाढवता येत नाही. देवी कड्याच्या पोटातल्या कपारीत आहे. तिच्यामागे कडा, पुढे अरुंद माची. तिथे कितीही कठडे लावा, खडक काही बोटभर मागे सरकत नाही.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. मांढरदेवला जानेवारी २००५ मध्ये चेंगराचेंगरीत आणि आगीत जवळजवळ तीनशे माणसं गेली. आपल्या नाशकात २००३ च्या सिंहस्थात अरुंद गल्लीत एकोणचाळीस गेली. आणि या गडाचा घाट? जानेवारी २००८ मध्ये भाविकांची बस दरीत कोसळली, चाळीसहून जास्त जीव गेले. जुलै २०२३ मध्ये पुन्हा एसटीची बस घाटात गेली. दर वेळी आपण काय करतो? कठडा बांधतो, वळण रुंद करतो, आणि त्यामुळे आणखी गाड्या येतात. आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. त्र्यंबकेश्वर आणि रामकुंडावर आलेला माणूस म्हणणार, इतकं आलोच आहोत तर साठ किलोमीटरवर गड आहे, तोही करून टाकू. या ‘करून टाकू’ची मला भीती वाटते. देवी ‘करून टाकण्याची’ गोष्ट झाली, ती सोयीमुळेच.

गडप्रेमी : ‘करून टाकू’वाले असतात. ते नाशिकला द्राक्षंही करून टाकतात आणि पांडवलेणीही. पण गडावरची गर्दी म्हणजे तेवढेच, हे तुमचं निरीक्षण रविवारचं आहे. तुम्ही चैत्रात या. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंतची यात्रा ही मुख्यतः खान्देशाची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लोक पायी निघतात. चैत्रातलं ते ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दिवसा डांबर पायाला चटके देतं म्हणून पुष्कळजण रात्रीचे चालतात. खान्देश हे देवीचं माहेर, असं ते मानतात. माहेरची माणसं लेकीला भेटायला निघालीयत, त्यांना तुम्ही पर्यटक कसं म्हणाल? वाटेवरच्या गावांत कुणी पाण्याचा टँकर उभा करतं, कुणी ताकाची पिंपं भरतं, कुणी पायांना तेल लावायला बसतं. कानावर अहिराणी पडत राहते. ही माणसं गडावर पोचतात तेव्हा त्यांचे तळवे सुजलेले असतात. चढाने मिजास उतरते म्हणालात ना? ट्रॉली आली म्हणून यांचं चालणं थांबलेलं नाही.

नवरात्रात गडाचं रूप वेगळं. तेव्हा नाशिक शहर वर येतं, जिल्ह्यातली तरुण मंडळांची पोरं गडावरून ज्योत पेटवून गावाकडे पळत निघतात. कोजागरीला आणखी वेगळं. कावडीवाले नद्यांचं पाणी खांद्यावरून आणतात, आणि त्याच रात्री राज्यभरातून तृतीयपंथी गडावर जमतात, त्यांचा छबिना निघतो. ज्यांना लग्नघरात आशीर्वादापुरतं बोलावतात आणि जेवणाच्या पंगतीत बसू देत नाहीत, त्यांना गडावर एक रात्र मानाची आहे. एकच देवी, पण प्रत्येकाचा दिवस वेगळा, वाट वेगळी, मागणं वेगळं. मला गड आवडतो तो याच्यासाठी. तिथे सगळ्यांनी एकाच रीतीने भक्ती करावी अशी अट नाही.

शंकेखोर : ही अट नव्हती, असं म्हणा. आता ती हळूहळू येतेय, आणि माझी खरी शंका तिथे आहे. ट्रॉली हे फक्त वरवर दिसणारं लक्षण. दसऱ्याच्या बोकडबळीचं काय झालं ते आठवा. आदिवासी आणि इतर काही समाजांची जुनी रीत. २०१६ च्या दसऱ्याला मानवंदनेसाठी बंदूक झाडताना अपघात झाला, माणसं जखमी झाली. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, प्रशासनाने काय बंद केलं? बोकडबळी. चूक बंदुकीची, शिक्षा बळीच्या प्रथेला. पाच वर्षं बंदी राहिली. एका आदिवासी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा २०२२ मध्ये अटींसह परवानगी मिळाली. या पाच वर्षांत शहरातल्या किती भाविकांना चुकल्यासारखं वाटलं? उलट बरं झालं, गड स्वच्छ झाला, असंच मी ऐकलं. तुमचं ‘सगळ्यांना जागा’ हे तिथवरच असतं, जिथवर दुसऱ्याची भक्ती आपल्या डोळ्यांना खुपत नाही.

गडप्रेमी : मला रक्त पाहवत नाही, हे मी लपवत नाही. बंदी आली तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं. पण तुम्ही तर अंधश्रद्धेविरुद्ध सह्या गोळा करणारे; तुम्ही बोकडबळीची वकिली करताय हे पाहून गंमत वाटते. तुम्ही नेमके आदिवासींच्या बाजूचे की बोकडाच्या?

शंकेखोर : बोकडाला कुणीच विचारलेलं नाही, मीही नाही. बळी जायला नको असं मला वाटतं. पण तो कसा जावा, हा प्रश्न आहे. ज्यांची रीत आहे त्यांनी आपसात बोलून सोडली तर आनंद. एखाद्या अपघाताचं निमित्त करून साहेबाच्या सहीने गेली, तर त्यातून दया शिकली जात नाही. देवी कुणाची, हे शिकलं जातं.

आणि देवी कुणाची हा प्रश्न जुना आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी महाराष्ट्रातल्या डोंगरवाटांवरून हिंडले आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त त्यांनी मांडलं, की आपल्या मातृदेवतांची ठाणी पुराणांच्या कितीतरी आधीची आहेत, गुराख्यांच्या, भटक्यांच्या वाटा जिथे मिळतात तिथली. शेंदूर हा रक्ताच्या जागी आला, हेही त्यांचंच निरीक्षण. गड या चष्म्यातून बघा. समोरचा डोंगर मार्कंडेय ऋषींचा. ते तिथे बसून देवीचं आख्यान सांगत आणि ती मान कलती करून ऐकते, म्हणून मूर्तीची मान झुकलेली. गोष्ट सुरेख आहे. पण त्या गोष्टीत ऋषी बोलतो आणि डोंगरावरची बाई ऐकते, हे तुमच्या ध्यानात आलं का कधी? पायऱ्या सुरू होतात तिथे महिषासुराचं शिर पुजलं जातं. इथे तो मारलेला राक्षस. चार शिवारं ओलांडा, तिथे शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणून गाव त्याला नवस बोलतं. कळवण, सुरगाणा, बागलाणच्या पट्ट्यात कोकणा आणि भिल्ल मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव पुजतात. माऊल्या दिवसचे दिवस व्रत पाळतात, पावरी वाजते, आणि शेवटी रात्री डोंगराकडे जातात. ना गाभारा, ना दानपेटी, ना दर्शनाची रांग. डोंगर हाच देव. तुम्ही ज्या देवळात साडीचोळी नेता ते या डोंगरपूजेवर मिळवलेला विजय आहे. ट्रॉली ही त्याच मिरवणुकीची शेवटची गाडी.

गडप्रेमी : विजय म्हणालात तर हरलेला कुठे आहे ते दाखवा. डोंगऱ्यादेवाचा उत्सव तुम्हीच आता वर्तमानकाळात सांगितलात. बोकड न्यायालयातून परत आला. म्हसोबाला नवस चालू आहेत. गोष्टीवर गोष्ट चढली, हे खरं. खालची पुसली गेली, हे खरं नाही. कोकणा बाई डोंगऱ्यादेवाला जाते आणि गडावरही येते. तिला यात विसंगती दिसत नाही. तिच्या वतीने विसंगती शोधायचं काम तुम्ही आणि मी करतो, नाशिकच्या गंगापूर रोडवर बसून.

आणि एक मानाचं काम पाहा. शिखरावर कीर्तिध्वज लागतो, चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री आणि नवरात्राच्या अखेरीस. शिखरावर जायला धड वाट नाही. दरेगावच्या गवळी घराण्याकडे हा मान पिढ्यान् पिढ्या आहे. त्यांच्यातला माणूस काळोखात ध्वज घेऊन सुळका चढतो आणि सकाळी खालच्या गावांना झेंडा दिसतो. देवीच्या डोक्यावरची जागा कुणा शास्त्र्याकडे नाही, डोंगराशी नातं असलेल्या गावकऱ्याकडे आहे. तुमच्या विजयाच्या गोष्टीत हा माणूस कुठे बसवणार?

शंकेखोर : मानाने बसवू. वर्षातून दोनदा ध्वज त्याच्या हातात देऊ, आणि ट्रॉली कुठे उभारायची, दुकानं कुणाला द्यायची, दर्शनाची वेळ काय, गाभाऱ्यात कुणी उभं राहायचं, या बैठकीत त्याला बोलावणार नाही. मान आणि अधिकार यांत फरक असतो, बाई. आपल्याकडे ज्यांना अधिकार द्यायचा नसतो त्यांना मान भरपूर मिळतो.

गडप्रेमी : हे मात्र खरं बोललात. घरातल्या बायकांना ते वेगळं सांगायला नको.

पण मग तुमच्याच मापाने एक गोष्ट मोजू. २०२२ च्या पावसाळ्यात देऊळ दीडेक महिना बंद होतं. मूर्तीवर शतकानुशतकं चढलेला शेंदूर उतरवला. नवरात्रात दर्शन खुलं झालं तेव्हा मी गेले. आतून कोरीव मूर्ती निघाली होती. अठरा हात तेच, पण बोटं, आयुधं, दागिने, सगळं रेखीव. लोक हात जोडून म्हणत होते, आई खऱ्या रूपात आली. मी जोडलेले हात तसेच ठेवून उभी राहिले आणि मला ती ओळखू येईना. मला माहीत असलेला चेहरा मोठा होता, लाल होता, डोळे पसरट. लहानपणी त्याची भीती वाटायची आणि त्याच भीतीत आधार होता. हा समोरचा चेहरा सुंदर होता. माझ्या आजीने, पणजीने ज्या चेहऱ्यापुढे पदर पसरला तो मात्र खरवडून पोत्यांत भरला गेला होता. ज्यांना तुम्ही लोकदेव म्हणता, त्यांच्या लोकांचे हात त्या थरात होते. हे झालं तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? अभिनंदन म्हणालात.

शंकेखोर : म्हणालो, आणि आजही म्हणेन. तो थर मूर्तीला धोक्याचा होता. ओलावा आत कोंडतो, वजन वाढत जातं, दगडाला आत भेग पडली तरी बाहेरून कळत नाही. एके दिवशी थराबरोबर दगडही सुटून आला असता, तर तुमच्या आजीचा चेहराही गेला असता आणि खालचाही. शिवाय कुणा अनाम कारागिराने कड्यात अठरा हात कोरले होते, त्याचं काम इतक्या शतकांनी उजेडात आलं. तो कारागीर लोकांत मोडत नाही का?

गडप्रेमी : बघा, आता तुम्ही माझ्या जागी येऊन बसलात आणि मी तुमच्या. चढ सोपा केला तेव्हा तुम्हाला परंपरा आठवली, मला सोय. शेंदूर काढला तेव्हा तुम्हाला सुरक्षितता आठवली, मला परंपरा. बोकडाच्या वेळी तुम्हाला लोकांचा हक्क आठवला, मला स्वच्छता. म्हणजे आपल्यापैकी कुणाचंच परंपरेशी इमान नाही. जो बदल आपल्या अंगाला लागतो तो आपल्याला मोडतोड वाटतो, जो दुसऱ्याच्या अंगाला लागतो तो सुधारणा.

शंकेखोर : पण एवढ्यावर सोडू नका, नाहीतर ‘दोघांचंही बरोबर’ म्हणून आपण चहा प्यायला मोकळे. बदल वाईट की चांगला, हे या तिन्ही गोष्टींत महत्त्वाचं नव्हतं, हे मला तुमच्या बोलण्यातून आत्ता उमजतंय. शेंदूर उतरवणं गरजेचं होतं. पण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तो चढवला त्यांच्याशी आधी कुणी बसून बोललं असतं, काय निघणार, का काढायचं, काढलेल्याचं काय करायचं, तर तुम्ही त्या दिवशी परक्यासारख्या उभ्या राहिला नसतात. बळीचं तसंच. ट्रॉलीचं तसंच: पायऱ्यांच्या कडेने हार, नारळ, करवंदं विकणाऱ्या बायकांना कुणी विचारलं, की गिऱ्हाईक डोक्यावरून निघून गेलं तर तुम्ही काय कराल? माझी तक्रार ट्रॉलीबद्दल नसून न विचारण्याबद्दल आहे, असं मी आता म्हणेन.

गडप्रेमी : तेही पुरतं पटत नाही मला. विचारायचं कुणाला? देवळाचे मालक म्हणावेत असे विश्वस्त आहेत, पुजारी आहेत, गडावरचं गाव आहे, नांदुरी आहे, दरेगाव आहे, सुरगाण्याचे आदिवासी आहेत, अख्खा खान्देश आहे. सासूबाईंना तर कुणीच विचारलं नसतं, कारण पहिल्या पायरीवर थांबणाऱ्या बायका कुठल्याच सभेला जात नाहीत. सगळ्यांना विचारून ट्रॉली बांधायची म्हटली असती तर त्या देवी न बघताच गेल्या असत्या. न विचारता झालेल्या कामाचा लाभ झालेली माणसंही असतात, आणि ती बहुतेक गप्प असतात.

शंकेखोर : ठीक. मग निदान एका गोष्टीवर बोलू, जी विचारून किंवा न विचारून, करावीच लागेल. माणसांची संख्या. वैष्णोदेवीला दिवसाला पन्नास हजारांची मर्यादा आहे. हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये ती घातली. आपल्या गडालाही आकडा हवा. नोंदणी करा, वेळ घ्या, त्या वेळी या. कपारीला जेवढी माणसं पेलतात तेवढीच वर जातील. मग ट्रॉली असो की पायरी, मला हरकत नाही.

गडप्रेमी : नोंदणी मोबाइलवर?

शंकेखोर : अर्थात. दुसरी कशी?

गडप्रेमी : मग पहिली कात्री कुणावर चालते बघा. मुंबई-पुण्याचा माणूस महिनाभर आधी वेळ घेऊन मोकळा होईल. नंदुरबारकडून चालत निघालेल्या बाईला पौर्णिमेच्या कुठल्या तासाला पोचणार हे कसं सांगता येईल? वाटेत पाय सुजला, पोराला ऊन लागलं, एक दिवस मागे पडली, तर तिची वेळ गेली. सुरगाण्याचा भगत दसऱ्याचा ओटीपी कुठून आणणार? तुम्हाला कपारीची काळजी आहे, ती रास्त आहे. पण तुमच्या मर्यादेतून गडावर उरतील ते नेमके ‘करून टाकू’वाले, ज्यांची तुम्हाला सुरुवातीला भीती वाटत होती. चालणारे, नवसाचे, बोकडाचे, कावडीचे, हे सगळे रांगेबाहेर. डोंगर वाचेल आणि डोंगराची माणसं जातील.

शंकेखोर : चालत येणाऱ्यांना नोंदणी माफ करू.

गडप्रेमी : चैत्रात चालत येणारेच लाखोंनी असतात. त्यांना माफी दिली तर मर्यादा उरली कुठे? आणि नांदुरीला गाडीतून उतरून शेवटचे दहाएक किलोमीटर चालणारा ‘पायी आलो’ म्हणाला तर त्याचे तळवे तपासणार?

शंकेखोर : मग तुमचं काय म्हणणं, कपार आपोआप तग धरेल? लाखोंनी येणारे रामभरोसे सोडायचे? मांढरदेवला गेलेली माणसंही नवसाचीच होती. त्यांच्या श्रद्धेचा मान राखला गेला, जीव राखला गेला नाही. तुम्ही ज्यांच्या बाजूने बोलताय, चेंगरताना पहिली तीच चेंगरतात; गाडीवाला मागच्या मागे निघून जातो.

गडप्रेमी : याला माझ्याकडे उत्तर नाही. मर्यादा हवी, हे मला आता नाकारता येत नाही. ती आकड्याने घालायची झाली तर अन्याय होणार, हे तुम्हालाही नाकारता येणार नाही. तोवर कात्री लावायचीच असेल तर ती माणसांआधी चाकांना लावा. वर गाडी नेणं हा कुणाच्याच नवसाचा भाग नाही. खान्देशाचा नाही, सुरगाण्याचा नाही, माझ्या सासूबाईंचाही नव्हता. त्यांना नांदुरीहून एसटी आणि वर ट्रॉली, एवढं पुरलं असतं.

शंकेखोर : त्याने कपारीपुढची रांग कमी होईल असं मला वाटत नाही. घाट तेवढा मोकळा होईल.

गडप्रेमी : घाट मोकळा झाला तर घाटातले जीव वाचतील. रांगेचं भांडण आपण चालू ठेवू. हे करायला नवा कायदाही नको. यात्रेच्या दिवसांत आजही खासगी गाड्या नांदुरीला अडवतात आणि तिथून वर फक्त एसटी जाते. उरलेल्या वर्षभर कुणालाही गाडी थेट गडापर्यंत नेता येते.